स्वतः काढलेली कॉमिक्स कुठेतरी ठेवून यायची आहेत, कुठे आणि कशी?

अर्धीचौकट:
मंडळी, प्रश्न जरा चक्रम वाटेल. मी हौस म्हणून कॉमिक्स काढतो, काळं जेल पेन, एक ए-फोर कागद, मधे एक काप मारून घडी घातली की आठ पानांची छोटी पुस्तिका तयार, स्टेपलरसुद्धा लागत नाही. ऑनलाइन टाकून बघितलं, लोक अंगठा देतात आणि पुढे सरकतात, वाचलं की नाही देव जाणे. तर आता असं डोक्यात आलंय की कुणालाही न सांगता ही पुस्तिका ट्रेनच्या सीटवर, वेटिंग रूममधे, लायब्ररीच्या पुस्तकात वगैरे ठेवून यायची आणि ज्याला मिळेल त्याची. ओरिजिनल ठेवायचं की झेरॉक्स? नाव टाकायचं का? आणि मुख्य म्हणजे लोक खरंच उचलतात का, की जाहिरात समजून चुरगळतात? आमचे एक मित्र म्हणाले की ही कचरा करायची कलात्मक पद्धत आहे, त्यामुळे थोडा पेटून विचारतोय :)

शाईबाई:
ओरिजिनल अजिबात नको! मास्टर कॉपी घरी फाईलमधे, बाहेर फक्त झेरॉक्स. आणि झेरॉक्स किंवा लेझर प्रिंटच घ्या, इंकजेटच्या शाईला ओला हात लागला तरी फरफटते, टोनरचं, म्हणजे लेझरच्या सुक्या पुडीच्या शाईचं, तसं होत नाही.

लोक उचलतात की नाही ते बरंचसं मुखपृष्ठावर आहे. अमेरिकेत जॅक चिक नावाचा माणूस होता, त्याने १९६० च्या दशकापासून तळहाताएवढी धर्मप्रचाराची कॉमिक्स काढली आणि त्याचे भक्त ती बसमधे, फोनबूथमधे, जिथे तिथे ठेवत फिरायचे. तेव्हा बेवारस छोटी पुस्तिका दिसली की यात कुणीतरी काहीतरी गळ्यात मारणार अशी शंका लोकांना येणारच, त्यात त्यांची काय चूक. म्हणून माझं म्हणणं, मुखपृष्ठावर नुसतं नाव आणि नक्षी काढत बसू नका, गोष्ट तिथेच सुरू करा. पहिलीच चौकट अशी की पुढे काय झालं हे बघायला पान उलटावंच लागेल. आणि कोपऱ्यात 'फुकट आहे, घेऊन जा' हे लिहाच. ते नसलं की लोकांना वाटतं कुणाचं तरी विसरलंय, आणि सभ्य माणसं हात लावत नाहीत.

मागचंपान:
लायब्ररीत काम करते, त्यामुळे लायब्ररीपुरतं बोलते. पुस्तकात चिकटवू नका, कृपा करा. सेलोटेप पिवळी पडते आणि कागद घेऊन निघते, त्या रंगीत चिकट चिठ्ठ्या निरुपद्रवी वाटतात पण त्यांचाही चिकटपणा मागे राहतो. सुटं ठेवलंत तर माझी हरकत नाही, पण एक लक्षात घ्या, पुस्तक परत आलं की आम्ही ते उघडून झटकतो, त्यामुळे खपाऊ पुस्तकात ठेवलेली गोष्ट वाचकाच्या आधी बहुधा माझ्याच हातात येते (तिकिटं, बिलं, एकदा तर कुणाचा तरी एक्सरे, सगळं बघून झालंय). ज्याला वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही असं जाडजूड पुस्तक निवडलंत तर तुमची पुस्तिका तिथे सुखाने राहील, पण मग वाट बघायची तयारी ठेवा. सगळ्यात सोपं म्हणजे सरळ काउंटरवर विचारा. बऱ्याच ठिकाणी फुकट न्यायच्या कागदांसाठी एखादं टेबल असतंच, आणि कॉमिक म्हटलं की आमचे चेहरे जरा खुलतात हो.

तिरकसकाका:
तुमच्या मित्राचं अर्धं बरोबर आहे. पन्नास झेरॉक्स काढून दिसेल त्या बाकड्यावर टाकत गेलात तर तो कचराच, त्यावर चित्र आहे म्हणून झाडणाऱ्याचं काम काही कमी होत नाही.

जागा आधी धरा आणि गोष्ट नंतर काढा, मी तर म्हणेन उलटं करूच नका. कीथ हॅरिंग नावाचा अमेरिकन चित्रकार न्यूयॉर्कच्या सबवेत, म्हणजे भुयारी रेल्वेत, १९८० ते १९८५ च्या दरम्यान चित्रं काढायचा, तिथे जाहिरातीची रिकामी जागा काळ्या कागदाने झाकलेली असायची, त्याने त्या कागदावर पांढऱ्या खडूने काढलं. जागा, माध्यम, बघणारा घाईतला माणूस, सगळं एकमेकांत बसत होतं. पकडलाही गेला बऱ्याचदा, तो भाग सोडा. पुढे त्याचं नाव झालं तसे लोक कागदच उपटून न्यायला लागले. बँक्सी या टोपणनावाने भिंती रंगवणाऱ्या ब्रिटिश चित्रकाराचं घ्या, २००५ साली त्याने ब्रिटिश म्युझियममधे गुहाचित्रासारखा एक दगड गुपचूप लावला, त्यावर आदिमानव सुपरमार्केटची ट्रॉली ढकलतोय, आणि शेजारी अगदी म्युझियमछाप माहितीची पाटी. काही दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. निम्मा विनोद त्या पाटीत आहे! तोच दगड रस्त्यावर ठेवला असता तर कुणी वळूनही बघितलं नसतं. (२०१८ मधे म्युझियमने स्वतःच तो प्रदर्शनात मांडला, म्हणजे घ्या.)

वेटिंग रूममधे ठेवायचंय ना, तर वाट बघण्यावरच काढा की. पहिल्या सहा पानांवर तेच बंद दार, तीच खुर्ची, फक्त खुर्चीतल्या माणसाची दाढी दर पानाला वाढत जातेय, आणि सातव्या पानावर दार उघडतं तर आतला माणूसही नंबर हातात धरून बसलाय. हे तिथे बसलेल्याला जेवढं लागेल तेवढं दुसऱ्या कुणाला लागणार नाही.

शाईबाई:
काका, दाढीवालं मी चोरतेय 😄 पण प्रत्येक वेळी जागेवर बेतूनच काढायचं हा नियम मला जाचक वाटतो. ट्रेनमधे समुद्राची गोष्ट मिळाली तरी माणूस वाचतोच की.

तिरकसकाका:
वाचतो. फरक एवढाच की ती गोष्ट त्याने घरीही वाचली असती.

घडीवाला:
थोडं रुक्ष पण गरजेचं. स्टेशन, विमानतळ अशा ठिकाणी पाकीट, डबा, पुडकं असं काहीही बंद ठेवू नका, बेवारस वस्तू म्हणून गोंधळ होईल आणि तो होणं बरोबरच आहे. उघडा सपाट कागद, बस. दुकानातल्या मालाच्या खोक्यात सारू नका, औषधं आणि खाण्याच्या वस्तूंपासून तर लांबच. आणि काय काढताय ते बघा, ते सहा वर्षांच्या पोरालाही सापडू शकतं.

घडीचं म्हणाल तर आधी कोऱ्या कागदाची डमी करा, पेन्सिलीने पानांवर नंबर टाका आणि मग उलगडा. वरच्या ओळीत ५, ४, ३, २ उलटे दिसतील आणि खालच्या ओळीत ६, ७, ८, १ सरळ. काप फक्त मधल्या दोन रकान्यांपुरता, कडेपर्यंत गेलात तर पुस्तिकेचे दोन तुकडे. एक पान साधारण ७४ बाय १०५ मिमीचं होतं, त्यात पानाला दोनपेक्षा जास्त चौकटी कोंबू नका. कडेचे पाचेक मिमी बरेच प्रिंटर छापतच नाहीत, संवादाचे फुगे तिथे नेले की वाक्यं कापली जातात.

अर्धीचौकट:
बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. दाढीवाली आयडिया शाईबाईंनी नेली म्हणून मी आता लिफ्टवर काढतोय, लिफ्टमधेच ठेवायची. नावाचं राहिलंच पण. ईमेल टाकू का? कुणाला मिळाली ते कळलं तर बरं वाटेल.

मागचंपान:
फक्त यासाठी वेगळा ईमेल काढून तेवढाच टाका, फोन नंबर, पत्ता नको. पण उत्तराची आशा धरू नका. पुस्तकं अशीच कुठेतरी सोडून द्यायचा बुकक्रॉसिंग नावाचा उपक्रम २००१ मधे सुरू झाला, त्यात पुस्तकाला नंबर असतो, सापडलं की साइटवर जाऊन कळवायचं, आणि एवढी सोय करूनही बरेच लोक कळवत नाहीत. वाचतात, ठेवून घेतात, विषय संपला. मी तर शेवटचं पान कोरं ठेवलं असतं, मिळेल त्याने पुढची चौकट काढावी म्हणून.

तिरकसकाका:
फुकट कॉमिक मिळालं म्हणून खूश झालेल्या माणसाला गृहपाठ कशाला देता?

अर्धीचौकट:
हाहा. वेगळा ईमेल टाकतो, कोरं पान बघू. घडीवाले, एक शेवटचं, लिफ्टच्या आतला अंधार म्हणून दोन पानं पूर्ण काळी केलीयत आणि घडीवर टोनर सोलला जातोय, पांढरी रेघ दिसते. काय करू?

घडीवाला:
सोलणारच, टोनर कागदात मुरत नाही, वर बसतो. घडीच्या दोन्ही बाजूंना दोनतीन मिमी पांढरं सोडा, किंवा काळ्याच्या जागी आडव्या रेघा मारा. आणि घडी नखाने कचकन दाबू नका, चमच्याच्या पाठीने हळू.