स्क्रीनवर तीन नग, रॅकवर एकही नाही : ही कसली प्रगती?

साठामोज
बारा वर्षं रिटेलच्या स्टॉकरूममध्ये काढली आहेत, त्यावरून एक मत मांडतो. पटलं नाही तर खोडा. ऑर्डर लवकर पोचवण्यासाठी सॉफ्टवेअर, अंदाज बांधणारी मॉडेल्स, रोबो सगळं आलं. पण हे सगळं ज्या आकड्यावर उभं आहे, म्हणजे कुठल्या वस्तूचे किती नग शिल्लक आहेत, तोच अजून कच्चा आहे.

समजा स्क्रीनवर तीन नग दिसतात. ऑनलाइन ऑर्डर येते, पिकर (ऑर्डरचा माल गोळा करणारा) रॅकपाशी जातो, तर खण रिकामा. एक नग चोरीला गेलेला, एक ट्रायल रूममध्ये लोंबकळतोय, आणि तिसऱ्याच्या वेळी कॅशियरने दोन रंगांचे नग असताना एकच बारकोड दोनदा मारलाय. ऑर्डर रद्द होते. त्यात सिस्टीमच्या लेखी तीन नग आहेत, म्हणून नवा माल मागवला जात नाही. विक्री थांबलेली दिसते, म्हणून मॉडेल ठरवतं की मागणीच नाही! आम्ही याला भुताचा स्टॉक म्हणायचो.

डीहोराशियस आणि रामन या संशोधकांनी २००८ साली छापलेल्या अभ्यासात ३७ दुकानांमधल्या जवळपास ३ लाख ७० हजार नोंदी तपासल्या होत्या. त्यातल्या ६५ टक्के चुकीच्या निघाल्या.

गणिती
असहमत. त्या ६५ टक्क्यांत एका नगाचा फरकही चूक म्हणून धरलाय, हे सांगायचं राहिलं तुमचं. शिवाय तो काळ बारकोडचा. बारकोड एकेक करून स्कॅनरसमोर धरावा लागतो, आणि एकाच प्रकारच्या सगळ्या नगांवर तोच असतो. आरएफआयडी टॅगमध्ये, म्हणजे रेडिओ लहरींनी लांबूनच वाचता येणाऱ्या चिपच्या लेबलमध्ये, प्रत्येक नगाला स्वतंत्र क्रमांक देता येतो आणि खोका न उघडता मोजणी होते. झारा या कपड्यांच्या ब्रँडने २०१४ पासून हेच दुकानांत आणलं. म्हणजे दुखणं डेटा कमी असल्याचं होतं.

रोबोंचंही तेच. हाताने माल गोळा करायच्या गोदामात पिकरचा निम्मा वेळ नुसता चालण्यात जातो. ॲमेझॉनने २०१२ मध्ये रॅक उचलून आणणारे रोबो बनवणारी किव्हा कंपनी उगाच नाही विकत घेतली. रॅकच माणसापाशी चालत आला तर वाईट काय त्यात?

रात्रपाळी
रॅक ज्यांच्यापाशी चालत येतो, त्यांतली मी एक. पाय वाचले, खोटं कशाला बोलू. खांदे मात्र बोलतात.

पण साठामोज म्हणताहेत ते वेगळं आहे. पूर्वी चालताना आजूबाजूचे खण दिसायचे. चुकीचा माल चुकीच्या जागी पडलेला असेल तर जाता जाता उचलून ठेवायचो. आता दिवा लागतो तेवढाच खण बघायचा. आणि 'नग सापडला नाही' हे बटण दाबलं की तासाचा वेग घसरतो. वेग घसरला की विचारणा होते. मग काही जण तसाच दिसणारा दुसरा नग टाकून मोकळे होतात. झाली की नाही एका फटक्यात दोन वस्तूंची नोंद खोटी? आकडा दुरुस्त करायचा अधिकार आम्हाला नाही, त्याला सुपरवायझरचं लॉगिन लागतं.

गणिती
बटणाचा मुद्दा मान्य. पण माणसाच्या हाती दिलं की आकडा सुधारतोच असं नाही. टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीने २०१३ मध्ये कॅनडात दुकानं उघडली आणि २०१५ मध्ये सगळी, १३३च्या १३३, बंद केली. वस्तूंची लांबी-रुंदी, खोक्यातली नगसंख्या अशी माहिती लोकांनी घाईघाईत भरली होती. कुठे सेंटीमीटरच्या जागी इंच! गोदामं तुडुंब आणि शेल्फ रिकामी.

साठामोज
बरं झालं तुम्हीच टार्गेट काढलंत. तिथेच मुख्यालयातल्या काही जणांनी आपोआप माल मागवण्याची सोय वस्तूवार बंद केली होती. कारण ती बंद असली की 'माल संपला' अशी नोंदच होत नसे, आणि त्यांचं मोजमाप त्या नोंदीवर व्हायचं. ही सगळी शिकली-सवरलेली, एसीत बसलेली माणसं. म्हणजे ज्या आकड्यावर पगार, त्या आकड्याला रंगरंगोटी. तुमचा टॅग यावर काय करणार?

वाचनमात्र
ग्राहक म्हणून एक पिंक टाकतो. मला वस्तू दोन दिवस उशिरा मिळाली तरी चालते. 'आहे' म्हणून पैसे घेऊन संध्याकाळी 'नाही' कळवणं चालत नाही. बाकी चालू द्या.

गणिती
मग नेमकं काय हवंय? आकडा बदलायचा अधिकार प्रत्येक पिकरला दिला, तर चोरी लपवायला त्याच्याइतकी सोपी वाट नाही.

रात्रपाळी
चोरी लपवायची असेल तर आजच्या व्यवस्थेत काही करावंच लागत नाही, स्क्रीन तीन नग दाखवतेच आहे की. कुणी, किती वाजता आकडा बदलला याची नोंद ठेवा, दुसऱ्या पाळीत कुणाकडून तरी तो खण मोजून घ्या. फक्त त्यात गेलेली मिनिटं माझ्या वेगातून कापू नका. निघते, पाळी सुरू होतेय.