मदत हवी आहे: हॉर्न अँटेनाचा व्हीएसडब्ल्यूआर मधेच ५ वर जातोय

मुलुंडकर_आरएफ:
व्हीएसडब्ल्यूआर (अँटेनातून सिग्नल किती परत फिरतो याचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं) सिम्युलेशनमध्ये सगळीकडे २ च्या खाली, प्रत्यक्षात मधेच ५. भांडुपच्या वर्कशॉपमधून दोनदा कापून आणला, तरी तेच. सोमवारी गाईडना दाखवायचाय. जाणकारांनी लवकर सांगावं.

लहरी:
मधेच म्हणजे किती गिगाहर्ट्झला? बँड कुठला? साधा की रिज्ड?

मुलुंडकर_आरएफ:
डबल रिज्ड (आत समोरासमोर दोन रिज, म्हणजे धातूचे कंगोरे), २ ते १८ गिगाहर्ट्झ. उडी ६.३ ला, एकदम अरुंद. व्हीएनए (हे मोजायचं यंत्र) कॉलेजचा, कॅलिब्रेट केलेला.

जुना_रेडिओवाला:
रिज हव्यात कशाला? डब्ल्यूआर-९० वेव्हगाईडवर (ठराविक मापाची आयताकृती धातूची नळी) साधा पिरॅमिडल करा, ८.२ ते १२.४ बिनघोर चालतो. जगदीशचंद्र बोसांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात मिलिमीटर लहरींसाठी हॉर्न वापरला, रिजशिवायच.

लहरी:
काका, डब्ल्यूआर-९० चा कटऑफच (ज्याच्या खालच्या लहरी आतून जात नाहीत ती फ्रीक्वेन्सी) ६.५६. त्यांना २ पासून हवंय. रिजमुळेच कटऑफ खाली येतो.

पीसीबीप्रेमी:
विवाल्डी अँटेना करा. सर्किट बोर्डवर छापून मिळतो, मिलिंगचा खर्च वाचतो.

जुना_रेडिओवाला:
आणि जास्त पॉवर दिल्यावर बोर्ड तापला की?

ठाणे_मायक्रोवेव्ह:
व्हीएसडब्ल्यूआर जमला तरी रेडिएशन पॅटर्न (लहरी कुठल्या दिशेला किती जातात) बघा. १ ते १८ वाल्या जुन्या डिझाइनमध्ये १२ च्या पुढे मुख्य लोब (समोरचा झोत) दुभंगतो.

लहरी:
ते नंतर. आधी सांगा, एसएमए कनेक्टरची पिन समोरच्या रिजला कशी जोडलीय?

मुलुंडकर_आरएफ:
भोकात घट्ट बसवलीय. ॲल्युमिनियमवर सोल्डर धरत नाही ना.

लहरी:
मग आधी तिथेच बघा. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, नुसत्या दाबावर संपर्क पक्का राहत नाही. व्हीएनए चालू ठेवून कनेक्टर बोटाने हलका दाबा. आलेखावरचं ६.३ चं टोक सरकलं तर दोष पिनचा. जागचं हललं नाही तर फीडमागच्या (पिनच्या मागच्या) पोकळीत लहरी शोषणाऱ्या ॲब्सॉर्बरचा तुकडा ठेवा. टोक खाली बसलं तर पोकळीचा रेझोनन्स. आणि रिजमधली गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, तिथे ०.१ मिमीनेही फरक पडतो.

गिरगाव_हॅम:
कनेक्टर कुठला? लॅमिंग्टन रोडवर स्वस्तातले एसएमए मिळतात, ते १८ पर्यंत टिकतीलच असं नाही.

मुलुंडकर_आरएफ:
दाबल्यावर टोक ६.३ वरून ६.९ ला गेलं! पिन काढली, एकाच बाजूला चरा पडलाय, बाकी कोरी. म्हणजे एका कडेलाच टेकत होती.

लहरी:
रिजला बाजूने आटे पाडा आणि एम२ च्या ग्रब स्क्रूने पिन आवळा.

मुलुंडकर_आरएफ:
आज रविवार, दुकानं बंद. एम२ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) कुणाकडे आहे का? कल्याणपासून दादरपर्यंत कुठेही येऊन नेतो, उद्या संध्याकाळी परत देतो.