जुलैच्या उन्हात चिंक्वे तेर्रे : आई-बाबांना घेऊन कोणती वाट चालावी?

गोदाकाठ

नमस्कार. मी चार वर्षांपासून म्युनिकमध्ये नोकरी करते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकहून आई-बाबा येत आहेत. त्यांना घेऊन इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरच्या चिंक्वे तेर्रेला, म्हणजे मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्नीलिया, मानारोला आणि रियोमाज्जोरे या पाच गावांना, तीन दिवसांसाठी जाण्याचे ठरले आहे. मुक्काम जवळच्या ला स्पेत्सिया शहरात आहे.

बाबा 66 वर्षांचे आहेत, रक्तदाबाची गोळी घेतात आणि रोज सकाळी पाच किलोमीटर चालतात. आई 61 वर्षांची आहे. गेल्या वर्षी सप्तशृंगीला ट्रॉलीत बसण्यास नकार देऊन ती सगळ्या पायऱ्या चढून गेली. मात्र उतरताना तिचा उजवा गुडघा दुखू लागला आणि पुढे आठवडाभर दुखत राहिला. बाबांनी नकाशा पाहून पाचही गावे मिळून जेमतेम बारा किलोमीटर भरतात असा हिशेब मांडला आहे आणि सकाळी आरामात न्याहारी करून निघावे, संध्याकाळपर्यंत सगळे होईल, असे त्यांचे म्हणणे आहे. मला उन्हाची धास्ती वाटते. हे एका दिवसात शक्य आहे का, आणि नसल्यास त्यांनी नेमका कोणता टप्पा चालावा?

तोरिनोकर

ताई, मी तोरिनोत राहतो आणि नातेवाईक आले की त्यांना घेऊन या वाटांवर जाणे हे जणू माझे ठरलेलेच काम झाले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बाबांचा हिशेब कागदावर बरोबर आहे, पण ती बारा किलोमीटरची सलग वाट सध्या अस्तित्वातच नाही. समुद्रालगतच्या या वाटेला सेंतिएरो अझ्झुर्रो, म्हणजे निळी वाट म्हणतात आणि तिचे चार टप्पे आहेत. त्यांपैकी कोर्नीलिया ते मानारोला हा टप्पा दरडी कोसळल्यामुळे बरीच वर्षे बंद आहे आणि त्याऐवजी वर वोलास्त्रा या वाडीपर्यंत, म्हणजे समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरांहून अधिक, चढून पुन्हा खाली उतरावे लागते. मानारोला ते रियोमाज्जोरे हा वीया देल्लामोरे नावाचा जेमतेम एक किलोमीटरचा सपाट रस्ता सप्टेंबर 2012 मध्ये दगड कोसळून चार पर्यटक जखमी झाल्यावर बंद झाला आणि पर्यटकांसाठी पूर्ण लांबीने खुला झाला तो थेट ऑगस्ट 2024 मध्ये. त्यासाठी वेळ ठरवून आगाऊ नोंदणी करावी लागते.

उरले दोन टप्पे : मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा आणि वेर्नात्सा ते कोर्नीलिया. प्रत्येकी साडेतीन-चार किलोमीटर, आणि तुमच्या आई-बाबांच्या चालीने प्रत्येकी दोन ते अडीच तास. पहिला टप्पा पायऱ्यांचा आणि अरुंद आहे. काही ठिकाणी समोरून माणूस आला की आपण भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. जुलैत तिथे रांगच लागते आणि सावली नसलेल्या जागी थांबून राहणे हे चालण्यापेक्षाही थकवणारे असते. म्हणून तो वगळा.

आता उन्हाविषयी. हा किनारा नैर्ऋत्येकडे तोंड करून आहे आणि डोंगर त्याच्या पाठीमागे, ईशान्येला आहे. उन्हाळ्यात सूर्य ईशान्येकडून वर येतो, त्यामुळे सकाळी बराच वेळ डोंगराची सावली वाटेवर असते, आणि एकदा सूर्य डोंगर ओलांडून आला की मावळेपर्यंत तो समोरच राहतो. शिवाय इटलीत उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे केलेली असल्यामुळे तेथे सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी साधारण दीड वाजता. आपल्याकडे बारा-साडेबाराला माध्यान्ह झाली आणि चार वाजता ऊन उतरू लागले, या सवयीने अंदाज बांधला तर फसगत होते, कारण तेथे पाच वाजतासुद्धा ऊन भाजून काढते. न्याहारी आरामात करून साडेदहाला निघणे म्हणजे संपूर्ण चाल भर उन्हात करणे होय.

माझा सल्ला असा, की ला स्पेत्सियाहून सकाळची लवकरची गाडी पकडा, सातच्या आत वेर्नात्साला उतरा आणि तेथून कोर्नीलियाकडे चाला. नऊ-साडेनऊला तुम्ही कोर्नीलियात असाल. चालण्याच्या टप्प्यांसाठी लागणारे कार्ड आदल्या दिवशीच ऑनलाइन घ्या. त्याचा एक प्रकार फक्त वाटांसाठी असतो, दुसऱ्या प्रकारात ला स्पेत्सिया ते लेवांतो या पट्ट्यातला रेल्वेचा प्रवासही दिवसभर मोफत असतो आणि तुम्हाला तोच सोयीचा पडेल. दर तारखेनुसार बदलतात. वाट उघडी आहे की नाही हे मात्र निघण्याच्या दिवशी चिंक्वे तेर्रे राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहावे, कारण पावसाचा इशारा असला तरी वाटा बंद केल्या जातात.

कातळकडा

वरच्या प्रतिसादातील एक गोष्ट मला उलटी वाटते. कोर्नीलिया हे पाचांपैकी एकमेव गाव समुद्राला लागून नसून सुमारे शंभर मीटर उंच कड्यावर आहे. त्यामुळे कोर्नीलियाहून वेर्नात्साकडे चालल्यास निम्मी उंची आपल्याला आयतीच मिळते आणि वाट संपते ती वेर्नात्साच्या बंदरात, जिथे पाय पाण्यात सोडून बसता येते. आम्ही जूनमध्ये तसेच केले. भर उन्हाळ्यात कोणालाही चढ वाढवून घेण्यास सांगणे मला पटत नाही.

तोरिनोकर

तरण्या माणसाला मीही तुमचीच दिशा सांगितली असती. पण मूळ प्रश्नात गुडघा उतरताना दुखतो असे लिहिले आहे. या टप्प्याचा माथा प्रेवो या छोट्या वस्तीजवळ, सुमारे दोनशे मीटर उंचीवर आहे. कोर्नीलियाहून निघाल्यास चढ शंभर मीटरांचा, पण शेवटी वेर्नात्सापर्यंत दोनशे मीटरांचा दगडी पायऱ्यांचा उतार आणि तोही थकलेल्या पायांनी, ऊन वर आल्यानंतर. वेर्नात्साहून निघाल्यास दोनशे मीटरांचा चढ सावलीत, ताज्या पायांनी होतो आणि उतार निम्माच राहतो. सप्तशृंगी चढून गेलेल्या आईंना चढाची भीती नाही.

मात्र कोर्नीलियाला पोहोचल्यावर एक सापळा आहे. गाव वर आणि रेल्वे स्थानक खाली समुद्राजवळ, आणि दोहोंना जोडणारा लार्दारीना नावाचा सुमारे 380 पायऱ्यांचा विटांचा जिना. पर्वतीच्या जवळजवळ चौपट! हौस म्हणून लोक तो उतरतात. आईंना तेथे अजिबात नेऊ नका. गावातून स्थानकापर्यंत लहान बस जाते, ती घ्या.

ओपीडीनंतर

मी वैद्यकीय व्यवसायात आहे आणि सह्याद्रीत भटकतो, त्यामुळे फक्त उन्हाविषयी लिहितो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीचे प्रमाण वाढते, काहींनी उन्हात उभे राहिल्यावर चक्कर येऊ शकते. बाबांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना प्रवासाची कल्पना देऊन गोळीची वेळ विचारून घ्यावी. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. गोळी कोणती आहे हे तुम्ही लिहिले नाही आणि येथे लिहूही नका, ते त्यांच्या डॉक्टरांशीच बोलायचे आहे.

प्रत्येकी दीड लिटर पाणी सोबत असावे. गावांमध्ये पिण्याच्या पाण्याचे सार्वजनिक नळ आहेत, पण दोन गावांमधल्या वाटेवर पाणी मिळेल असे गृहीत धरून चालू नये. नुसतेच पाणी पीत राहू नये; ओआरएसची पाकिटे भारतातून आणावीत किंवा लिंबू, साखर आणि मीठ घालून सरबत करून घ्यावे. आमच्या कोकणातल्या ट्रेकला आम्ही मीठ घातलेले आगळ, म्हणजे कोकमाचा दाट रस, नेतो. त्याची बाटली विमानाच्या सामानात घालण्याची हिंमत असेल तर जरूर आणा, पण कपड्यांपासून दूर ठेवा.

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे असे काही झाले की चाल तिथेच थांबवून सावलीत बसावे, कपडे सैल करावेत, मान आणि काखा ओल्या कराव्यात. बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा माणूस नीट ओळख देईनासा झाला, तर तो उष्माघात समजून लगेच 112 क्रमांकावर फोन करावा आणि मदत येईपर्यंत अंगावर पाणी घालत राहावे.

गडगा

मी मूळचा सिंधुदुर्गाचा. या वाटेने जाताना डोंगरउतारावर ज्या दगडी भिंती दिसतात त्यांच्याकडे आवर्जून लक्ष द्या, असे सुचवावेसे वाटते, कारण ही वाट त्यांच्याच आधाराने उभी आहे. चुना किंवा सिमेंट न वापरता नुसते दगड एकमेकांत बसवून रचलेले ते बांध पाहिल्यावर मला आमच्या परड्याचा गडगा आठवला. फरक एवढाच, की आमचा गडगा गुरे अडवतो आणि त्यांचा माती अडवतो. त्या बांधांवरच्या अरुंद पट्ट्यांत द्राक्षे पिकतात. युनेस्कोने 1997 मध्ये हा परिसर जागतिक वारसा ठरवला तो या भूदृश्यासाठी, आणि 2018 मध्ये इटलीसह काही देशांतील अशा कोरड्या दगडी बांधकामाच्या कलेलाही वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

लोक शेती सोडून शहरांकडे गेले, बांधांची डागडुजी थांबली, पाणी वाट फुटेल तिथून उतरू लागले आणि उतार सैल झाले. 25 ऑक्टोबर 2011 च्या अतिवृष्टीत वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोत चिखल-दगडांचा लोंढा शिरला, त्यात माणसे दगावली. त्यामुळे बांधावर बसून फोटो काढू नयेत, दगड हलवू नयेत. द्राक्षांच्या मळ्यांतून एकच रूळ असलेली एक चिमुकली गाडी जाताना दिसेल; ती माल वाहण्यासाठी आहे, गुडघा दुखला म्हणून तिच्यात बसता येणार नाही.

आणि पादत्राणांचे विसरू नका. साध्या चपला घालून या वाटांवर जाण्यास मनाई आहे आणि त्यासाठी दंडही होतो.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री फोनवर बाबांना हा सगळा धागा वाचून दाखवला. सूर्य दीड वाजता माथ्यावर येतो या मुद्द्यावर ते बराच वेळ गप्प होते, मग कागद-पेन्सिल घेऊन त्यांनी स्वतः हिशेब केला आणि तो बरोबर असल्याचे कळवले. आता वेर्नात्सा ते कोर्नीलिया हा एकच टप्पा, पहिल्या दिवशी सकाळी, असे ठरले आहे. आईने मात्र विचारले आहे, की साडेनऊला कोर्नीलियात पोहोचल्यावर उरलेला दिवस काय करायचे, आणि तिथे अंडे-मासे नसलेले खायला काय मिळेल?

तोरिनोकर

कोर्नीलियात तासभर सावलीत बसा, मग बसने खाली येऊन रेल्वेने मोंतेरोस्सोला जा. पाचांपैकी मोठा वाळूचा किनारा तिथेच, स्थानकासमोर आहे. दुपारी एक ते पाच मुक्कामावर पडून राहावे आणि संध्याकाळी मानारोलाला जावे. जुलैत तेथे सूर्य नऊनंतर मावळतो, त्यामुळे घाई नाही. गाडी बोगद्यांतूनच जाते, समुद्र मधूनच क्षणभर दिसतो, म्हणून एखादी फेरी बोटीने करावी. बोट कोर्नीलियाला मात्र थांबत नाही.

खाण्यासाठी फारिनाता मागा. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल यांचे ते भट्टीत भाजलेले जाड धिरडे असते, आईंना ओळखीचे वाटेल. त्यावर काही घातले आहे का एवढे विचारून घ्या, कारण मोंतेरोस्सोची मांदेलीएवढी खारवलेली मासळी प्रसिद्ध आहे आणि ती कुठेही डोकावते. सकाळच्या चालीसाठी मात्र फोकाच्चा, म्हणजे ऑलिव्ह तेल लावून भाजलेला चपटा पाव, आदल्या संध्याकाळीच ला स्पेत्सियात घेऊन ठेवा. पहाटेच्या गाडीच्या वेळेस दुकाने उघडलेली नसतात.