जिन सावर घरी: लई आंबट होतोय, अन् फेस दोन मिनिटांत बसतो

गोदाकाठ_नांदेड (प्रश्न)

साधा, जुन्या पद्धतीचा जिन सावर घरी करायचाय. सध्याचं माप असं: लंडन ड्राय जिन 60 मिली, कागदी लिंबाचा रस 30 मिली, साखर दोन छोटे चमचे, एका अंड्याचा पांढरा. सगळं बर्फासकट एकदाच बाटलीत घालून हलवायचं अन् गाळायचं. अडचणी तीन. एक, दात आंबतील इतका आंबट होतोय, वर तळाशी साखर तशीच राहायलीय. दोन, फेस येतो पण साबणाच्या बुडबुड्यांसारखा, अन् लगेच बसतो. तीन, अंड्याचा वास येतो. शेकर नाही, प्रोटीनची बाटली अन् चहाची गाळणी आहे. घरात काहीजण अंडं खात नाहीत, त्यांच्यासाठी दुसरं काही जमंल का तेही सांगा.

पेग_मेजर

भाऊ, साखरेपासून सुरू करू, कारण तुमचा अर्धा आंबटपणा तिथंच आहे. दाणेदार साखर थंड पाण्यात हळू विरघळते, अल्कोहोलमध्ये तर जवळजवळ नाहीच. दोन चमचे म्हणजे 8 ते 10 ग्रॅम, त्यातली बरीचशी तळाला बसली. म्हणजे 30 मिली लिंबाच्या समोर पाच-सहा ग्रॅमच साखर लढली. दात आंबणारच.

पाक करून ठेवा. 200 ग्रॅम साखर, 200 ग्रॅम पाणी, दोन्ही वजनावर. पाणी गरम करा, साखर विरघळली की गॅस बंद. तार वगैरे काही बघायची नाही, हा गुलाबजामचा पाक नव्हे. उकळत ठेवला तर पाणी उडून घट्ट होतो आणि सगळं माप चुकतं. साधारण 325 मिली पाक मिळतो, फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतो. 20 मिली पाकात 12 ग्रॅमच्या वर साखर असते, आणि ती सगळी विरघळलेली. गूळ घालू नका. रमबरोबर गूळ शोभतो, जिनमधल्या जुनिपरचा सुगंध तो गिळून टाकतो.

माप असं धरा: जिन 60, लिंबाचा गाळलेला रस 20, पाक 20, अंड्याचा पांढरा 15 ते 20. एका अंड्यात साधारण 30 मिली पांढरा निघतो, म्हणजे एक अंडं दोन ग्लासांना पुरतं. पूर्ण अंड्याचा पांढरा एका ग्लासात घातला की पेय गुळगुळीत होण्याऐवजी बुळबुळीत होतं, आणि तुमच्या वासाचं एक कारण तेही आहे. मापायला पेग मेजर नसेल तर खोकल्याच्या औषधाचं टोपण किंवा बिनसुईची 20 मिलीची सिरिंज वापरा. जिनमध्ये पाच मिली इकडेतिकडे चालतं, लिंबात चालत नाही.

आता फेस. बर्फासकट एकदाच हलवलं की पांढरा थंडीनं आखडतो आणि त्यात हवा नीट शिरत नाही. म्हणून आधी बर्फाशिवाय 20 सेकंद जोरात हलवायचं. हलवण्यानं पांढऱ्यातल्या प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती त्यांची जाळी तयार होते. आंबटपणानं ती जाळी घट्ट होते, त्यामुळे लिंबू त्यात असलेलं बरंच. फक्त लिंबू-जिन-पांढरा एकत्र करून तसंच ठेवून फोनवर बोलत बसू नका, गुठळ्या होतात. घातलं की लगेच हलवा. त्यानंतर बर्फ भरून आणखी 12 सेकंद, आणि गाळा.

एक सावधगिरी. बर्फ असला की आतली हवा आकसते आणि झाकण आपोआप घट्ट बसतं. बिनबर्फाच्या फेरीत उलटं होतं, झाकण उडायला बघतं. प्रोटीनच्या बाटलीचं चोचीचं टोपण अंगठ्यानं दाबून धरा. आतली तारेची गोळी मात्र पहिल्या फेरीत राहू द्या, फेसाला ती फार कामाची आहे. बर्फ घालताना काढून टाका.

बाटलीला तुपातेलाचा अंश असेल किंवा पांढऱ्यात पिवळ्याचा ठिपका पडला असेल तर कितीही हलवा, फेस बसणारच. चरबी ती जाळी तोडते. अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडा, थेट बाटलीत नको.

बदनापूर_फाटा

वरचं माप बरोबर आहे, पण मुळात लिंबाचाच घोळ आहे. परदेशी कृतींमधलं लेमन म्हणजे जाड सालीचं पिवळं फळ. आपलं कागदी लिंबू ही वेगळीच जात, जास्त आंबट, आणि त्याच्या चवीला एक हिरवी, कडवट धार असते. खरं बोलायचं तर जिन, कागदी लिंबू आणि साखर म्हणजे सावरपेक्षा ताज्या लिंबाच्या गिमलेटकडं (जिन-लिंबाचं दुसरं एक पेय) झुकलेली गोष्ट. वाईट नाही, पण वेगळी.

सावरच्या जवळ जायचं असेल तर मोसंबीची मदत घ्या. कागदी लिंबाचा रस 15 मिली, मोसंबीचा 10 मिली, पाक 18 मिली. लिंबाची धार गोलाई घेते आणि पिवळ्या लेमनसारखी चव येते. नुसत्या मोसंबीवर सावर होत नाही, तिच्यात आंबटपणा नावालाच असतो.

उन्हाळ्यात हस्त बहाराची लिंबं महाग आणि रस कमी, तेव्हा दुसरा उपाय. 100 मिली मोसंबी रसात 5 ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात मिळतं. डिजिटल काट्यावर मोजा. हा रस लिंबाइतका आंबट होतो. ग्लासाला 25 मिली घ्या. मोसंबीची स्वतःची साखर त्यात दोन-अडीच ग्रॅम येते, म्हणून पाक 20 ऐवजी 16 मिली. मृग बहाराची जालन्याकडची मोसंबी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बाजारात असते, तेव्हाच याची मजा आहे.

यात लोक हमखास चुकतात ते असं: मोसंबीचा रस काढून ठेवला की कडू होतो. फळ चांगलं असलं तरी होतो. रस काढताना पडदे आणि बिया चिरडल्या की त्यातला लिमोनिन नावाचा कडवट घटक आंबट रसात हळूहळू तयार होतो. काढल्याबरोबर गोड लागतो आणि तासाभरानं कडू. म्हणून मिक्सर नको, दाबाचं यंत्रही नको, हातानं हलकेच पिळा, लगेच गाळा, लगेच वापरा. रसवंतीवाल्याकडून आणलेला रस तर अजिबात नको. कागदी लिंबाचंही तेच, शेवटच्या थेंबासाठी पिळत बसलात की सालीतला कडूपणा उतरतो.

साल वापरायची तर तीही मोसंबीचीच. बटाटा सोलण्याच्या सोलण्यानं अंगठ्याएवढा तुकडा काढा, पांढरा भाग येऊ देऊ नका, आणि फेसावर धरून मुरगळा. तेलाचे बारीक तुषार उडतात आणि अंड्याचा वास दबतो. कागदी लिंबाची साल इतकी पातळ की सोलताना पांढरा भाग येतोच.

टीडीएस_1200

बर्फाबद्दल कुणीच बोललं नाही. मे महिन्यात 42-43 डिग्रीत हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

सावरमध्ये बर्फ फक्त गार करायला नसतो, पाणी घालायलाही असतो. वरच्या मापात 115-120 मिली द्रव आहे, हलवताना त्यात 40 ते 50 मिली पाणी वितळून यायला हवं. तेवढ्यानंच जिनचा जाळ उतरतो. आता फ्रीजरमधून ट्रे काढून ओट्यावर पाच मिनिटं ठेवला तर खड्यांवर पाणी सुटतं, आणि ते पाणी गार न करता नुसतं पातळ करतं. ट्रे शेवटच्या क्षणाला काढा, सुटलेलं पाणी झटका, बाटली दोन तृतीयांश भरा. चार खडे टाकून काटकसर केली तर उलटं होतं: सगळे वितळतात, पेय कोमट आणि पाणचट. जास्त बर्फ म्हणजे जास्त पाणी नव्हे.

काहीजण जिनची बाटलीच फ्रीजरमध्ये ठेवतात. 42.8 टक्क्यांची जिन गोठत नाही, खरंय, पण सावरसाठी ठेवू नका. जिन आधीच गार असली की बर्फ कमी वितळतो आणि ग्लास जळजळीत राहतो. त्यापेक्षा ग्लास फ्रीजरमध्ये 15 मिनिटं ठेवा.

बोअरच्या पाण्याचा बर्फ नको. आपल्याकडं क्षार इतके असतात की खडा वितळल्यावर तळाला पांढरी पूड दिसते आणि लिंबाची धार बोथट होते. आरओच्या पाण्याचा करा. आणि बाजारातल्या लादीच्या बर्फाच्या वाटेला जाऊच नका, तो बहुतेक माल टिकवण्यासाठीचा असतो, पोटात घालण्यासाठीचा नाही.

कटाची_आमटी

अंडं न खाणाऱ्यांसाठी: काबुली हरभऱ्याचा कट. एक वाटी हरभरा रात्रभर भिजवा, भिजवलेलं पाणी फेकून द्या, तीन वाट्या ताज्या पाण्यात कुकरला शिजवा. मीठ, हळद, हिंग, सोडा काहीही नाही. पाणी गाळून मंद आचेवर आटवा, अंड्याच्या पांढऱ्याइतकं चिकट झालं की थांबा. पूर्ण गार झाल्यावर ग्लासाला 25 मिली. पद्धत तीच, आधी बर्फाशिवाय, पण 20 ऐवजी 30 सेकंद. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, जास्तीचा असेल तर बर्फाच्या ट्रेत गोठवा. उरलेल्या हरभऱ्याची उसळ होतेच.

देशी हरभऱ्याचा कट काळपट येतो आणि आमटीची चव देतो.

गोदाकाठ_नांदेड

आभार सगळ्यांचे. पुरणाचा कट चालंल का? तो तर घरात नेहमीच निघतो.

कटाची_आमटी

फेस येतो, पण डाळीचा पिठूळपणा उतरलेला असतो, ग्लास गढूळ दिसतो आणि फेसाखाली थर बसतो. बहुतेक घरी त्यात हळद पडलेली असते ते वेगळंच. त्याची आमटीच करा.

पेग_मेजर

वासाचं राहिलं होतं. अंडं ताजं हवं. पाण्यात टाकल्यावर आडवं तळाशी बसलं तर ताजं, उभं राहिलं तर शिळं होत आलेलं, तरंगलं तर फेका. उन्हाळ्यात दुकानात बाहेर ठेवलेली अंडी लवकर उतरतात. अँगोस्टुरा बिटर्स (मसाल्यांचा कडवट अर्क) मिळाले तर फेसावर तीन थेंब, ते शोभेसाठी नसून वासासाठीच असतात. तालुक्याच्या गावी ती बाटली मिळणं अवघड, मग जायफळ अगदी दोनदा किसणीवर घासा. वेलची नको, लगेच श्रीखंड आठवतं.

आणि लिंबू किंवा दारूनं कच्च्या अंड्यातले जंतू मरतात हा गैरसमज आहे, दोन-चार मिनिटांत तसं काही होत नाही. गरोदर बाईनं अशीही दारू घ्यायचीच नाही. वयस्कर माणसाला किंवा आजारातून उठलेल्याला कटाचाच ग्लास द्या.

चहाची गाळणी चालते, पण ती वेगळी ठेवा. चहाचा वास तारेत मुरलेला असतो. गाळणीशिवाय ओतलं तर बर्फाचे कण फेसात जातात आणि फेस भोकं पडून बसतो. तुमचे साबणाचे बुडबुडे त्याचेही असतील.

बदनापूर_फाटा

एवढं करूनही आंबट वाटलं तर लिंबू कमी करू नका, पाक 2-2 मिलीनं वाढवा. लिंबू 15 च्या खाली गेलं की ते जिनचं सरबत होतं. गोड वाटलं तर आधी बघा पाक किती दिवसांचा आहे, उघडा ठेवलेला पाक घट्ट झालेला असतो.

टीडीएस_1200

फेसाची भानगडच नको असेल तर अंडं वगळा, बाकी माप तेच, बर्फात हलवून उंच ग्लासात गाळा आणि वरून 90 मिली गार सोडा. त्याला कॉलिन्स म्हणतात. एप्रिल-मेच्या दुपारी सावरपेक्षा तोच परवडतो. सोडा मात्र बाटलीत घालून हलवू नका, छत धुवावं लागेल.

व्यवस्थापक

धागा चालू राहू द्या. आठवण म्हणून: महाराष्ट्रात विदेशी मद्यासाठी वय 25 पूर्ण हवं आणि परवाना लागतो, घरी पिण्यासाठीसुद्धा.

गोदाकाठ_नांदेड

60-15-10-18 आणि अर्ध्या अंड्याचा पांढरा, आधी बिनबर्फाचं 20 सेकंद, असं केलं. फेस बोटभर आला, दहा मिनिटं टिकला. साखर तळाला नाही. कटाच्या ग्लासाचा फेस जरा पातळ वाटला, कट अजून आटवायला हवा होता.

कटाची_आमटी

हो, चमच्यावरून धार तुटता कामा नये, तोवर आटवा.