मदत हवी आहे : संखेड्याच्या झोपाळ्यावरील नक्षी कशी वाचवावी?

वडोदऱ्यातील आमच्या घरी संखेड्याचा (लाखेचा रंगीत थर दिलेल्या लाकडी फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेले गुजरातमधील गाव) जुना सागवानी झोपाळा असून, हात टेकण्याच्या जागी त्याच्या कातीव दांड्यांवरील लाखेचा थर खपल्या होऊन निघत आहे. सोनेरी वेलबुट्टी मात्र शाबूत आहे आणि मला ती काहीही करून जपायची आहे. मागच्या बाजूस २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासून पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन वार्निश) लावले, पण ते आठवड्यातच सुटले. स्पिरिटचा बोळा फिरवला, तेव्हा मरून रंग कापसावर उतरला. सांधे पक्के आहेत; काम घरीच, २,००० रुपयांच्या आत करायचे आहे. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख (पातळ पापुद्र्यांच्या रूपातील लाख, म्हणजे शेलॅक) ब्रशने लावल्यास खालची नक्षी पसरेल का, आणि पसरणार असेल तर आधी तिच्यावर कोणता थर द्यावा?