'हिच'ला मराठीत काय म्हणावे? जुंपणे, खोचणे की जोडणे?

प्रश्न : १९५० च्या आसपासच्या अमेरिकन ट्रॅक्टरांवर मराठीत लिहितो आहे. हिच म्हणजे ट्रॅक्टरला अवजार लावायची यंत्रणा. थ्री-पॉइंट हिच, फास्ट-हिच, स्नॅप-कपलर या सगळ्यांना 'जोडणी' म्हटले की फरकच पुसला जातो. 'जुंपणी' चालेल का?

उत्तर : ड्रॉबारला, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या साध्या ओढदांड्याला, चालेल, थ्री-पॉइंटला नाही. जुंपण्यात नुसती ओढ असते. बैल ओढतो, आणि नांगर किती खोल जायचा हे रुमणे (नांगराची मूठ) धरणारा माणूस ठरवतो. जुन्या फोर्डसन ट्रॅक्टरमागचा नांगरही असाच जुंपलेला असे. फाळ दगडात अडकला की पुढची चाके उचलायची, कधी ट्रॅक्टरच मागे उलटायचा. हॅरी फर्ग्युसन या अभियंत्याने नेमके हेच बदलले. १९३९ च्या फोर्ड ९एनवर खालचे दोन हात नांगर ओढतात आणि वरची टॉपलिंक दाब झेलते. जमीन कडक लागली की टॉपलिंकवरचा दाब वाढतो, त्यातून हायड्रॉलिकचा व्हॉल्व्ह हलतो आणि नांगर किंचित वर येतो. म्हणजे रुमण्यावरच्या हाताचे काम यंत्राने घेतले! नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो, म्हणून जेमतेम टनभराचा ट्रॅक्टर दोन फाळ ओढू शकतो. इथे अवजार ट्रॅक्टरचाच भाग होते. त्याला 'जोडणे'च म्हणावे.

दुसरे उत्तर : सहमत, आणि बाकीच्या दोघांनाही आपल्याकडे क्रियापदे आहेत. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या फास्ट-हिचमध्ये ट्रॅक्टरला दोन खोबणी असतात, अवजाराचे दोन दांडे त्यांत जातात. चालकाने बसल्या जागेवरून ट्रॅक्टर मागे घ्यायचा. हे सरळ 'खोचणे' आहे. अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीच्या स्नॅप-कपलरमध्ये ओढीचा बिंदू एकच, तोही मागच्या आसाच्या पुढे, ट्रॅक्टरच्या पोटाखाली. अवजाराची जीभ घंटेसारख्या तोंडातून आत सरकते आणि खटका बसतो. त्याला मी 'अडकवणे' म्हणेन. मला ही रचना फार देखणी वाटते. पण त्या ट्रॅक्टरला त्याच धाटणीची अवजारे लागत, आणि पुढे सगळ्यांनी थ्री-पॉइंटच स्वीकारला.

प्रश्नकर्ता : 'खोचणे' आवडले, ठेवतो. मग थ्री-पॉइंटला 'त्रिबिंदू जोडणी' लिहू?

उत्तर : पहिल्यांदा एकदा लिहा, कृषीच्या पुस्तकांत तो शब्द आहे. पुढे मात्र 'लिफ्ट', 'टॉपलिंक', 'पिन' हेच वापरा, शेतकरी तेच बोलतात. हिचच्या मापाच्या 'कॅटेगरी'ला 'श्रेणी' करू नका. कॅटेगरी १ ची खालची पिन २२ मिमी, कॅटेगरी २ ची २८ मिमी, आणि दुकानात 'कॅटेगरी' म्हटले तरच बरोबर पिन हातात पडते.