नवी हायब्रिड, अ‍ॅव्हरेज १८ च्या वर जाईना

महिना झाला हायब्रिड गाडी घेऊन, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली. कोल्हापुरात राजारामपुरी ते शिरोली एमआयडीसी, जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर. सिग्नलला इंजिन बंदच असतंय, मग पेट्रोल जातंय कुठं? बाबांनी साठवलेल्या पैशातनं घेतलेली गाडी हाय, जिवाला लागतंय.

उत्तर १
भावा, ब्रेक कसा मारतोस? ताराराणी चौकात लाल दिवा दिसला की लांबनंच पाय उचल, मग ब्रेक अलगद दाबत ने. चाकं मोटर फिरवतात, बॅटरी भरते. कचकन दाबलास की डिस्क-पॅड घासतात, सगळी ताकद नुसती उष्णता होऊन जाते. मी मीटरची सुई ‘चार्ज’च्या पट्ट्यातच ठेवायला शिकलो, पंधरा दिवस लागले.

उत्तर २
सकाळी थंड इंजिन गरम व्हायला पेट्रोल खातंच. भाजी, बँक, दवाखाना एकाच फेरीत उरका. टायरातली हवा गाडीच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणं भरा, टायर थंड असताना.

उत्तर ३
पन्हाळ्यावरनं उतरताना न्यूट्रल अजिबात नको, बॅटरी भरत नाही आणि धोकाही हाय. ‘बी’ मोड (पाय उचलला की गाडी जास्त रोखणारा गिअर) असला तर तो टाका.

मूळ प्रश्नकर्ता
आठ दिवस अलगद ब्रेक मारतोय. आज शिरोलीहून येताना २१ दिसलं! बाबांना फोटो पाठवला.